दोन आण्यांचा नटराज

माझ्या अल्बमात विमानं पुष्कळ आहेत. एक तीन इंजिनांचं, काही पंख्यांची, दोन-चार जेट. पण ज्या पाकिटासाठी आज लिहायला बसले आहे त्याच्यावर विमान नाहीच, नटराज आहे. लाल रंगाचा, दोन आण्यांचा, १९४९ साली निघालेल्या पुरातत्त्व मालिकेतला. हवाई डाकेची इतकी तिकिटं जमवल्यावर मला सगळ्यात जवळचं वाटणारं पाकीट विमानाशिवायचं का, हे सांगायचं तर नागपुरातल्या आमच्या सक्करदऱ्याच्या घरातल्या एका परातीपासून सुरुवात करावी लागेल.

मी दहा वर्षांची होते. दिवाळीच्या सुट्ट्या होत्या. आजीच्या लोखंडी पेटीत, जुन्या शालूच्या खाली, सुतळीनं बांधलेला पत्रांचा गठ्ठा सापडला. आजीचा मोठा भाऊ दिल्लीला सरकारी नोकरीत होता, त्याची बरीच पत्रं होती. काही मुंबईची, थोडी मद्रासची. मैत्रिणीकडून नुकतंच कळलं होतं की पाकीट कोमट पाण्यात ठेवलं की तिकीट आपोआप सुटतं, ओढायचं नाही, दाते तुटतात. मी परात भरून घेतली आणि एका दुपारी सगळा गठ्ठा पाण्यात घातला. पत्रं आधी काढून ठेवली होती, तेवढी अक्कल होती. तिकिटं सुटत गेली तशी वर्तमानपत्रावर उलटी वाळत घातली. ओली पाकिटं मागच्या अंगणात बंबाशेजारी टाकली. दुसऱ्या दिवशीच्या आंघोळीच्या पाण्याला तीच उपयोगी पडणार होती.

संध्याकाळी आबाजी, माझे आजोबा, बाहेरून आले. त्यांनी तिकिटांकडे पाहिलंच नाही. अंगणात जाऊन एक ओलं पाकीट उचललं आणि मागून पुढून बघायला लागले. मागच्या बाजूला जांभळट शाईचा डाग पसरला होता.

"पोरी," ते म्हणाले, "तारीख धुतली वं तू."

रागावले नाहीत. पाकीट परत ठेवलं आणि हातपाय धुवायला गेले. ते वाक्य तेव्हा मला कळलं नाही. तारीख काय, तिकिटं तर सगळी शाबूत होती! कळायला पुढे जवळजवळ वीस वर्षं लागली.

आबाजी डाकखात्यात होते. १९५० नंतरची काही वर्षं त्यांची ड्यूटी रात्री सोनेगावला असायची, विमानतळावर. घरातून ते जेवून निघायचे, सायकलनं, आणि उजाडताना परत यायचे. आजी सांगायची की नवं लग्न झालेलं तेव्हा तिला वाटे, हे रात्री विमानतळावर जाऊन करतात तरी काय? पत्रं काय रात्री वाटतात का कुठं?

रात्री काय व्हायचं ते मात्र सांगण्यासारखं आहे, आणि नागपूरच्या माणसांनाही आता ते फारसं ठाऊक नसतं. १९४९ च्या जानेवारीत देशात रात्रीची हवाई डाक सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून दिवसाची डाक घेऊन संध्याकाळनंतर एकेक विमान निघायचं. चारही विमानं मध्यरात्रीच्या सुमाराला आपल्या नागपुरात उतरायची. इथं थैल्यांची अदलाबदल व्हायची. मुंबईच्या विमानातून दिल्लीची, कलकत्त्याची, मद्रासची थैली निघायची आणि त्या त्या विमानात चढायची, बाकीच्यांचंही तसंच. मग चौघं आपापल्या गावाला परत. पहाटे मुंबईच्या विमानतळावर उतरणाऱ्या विमानात तिन्ही दिशांची डाक असायची. आदल्या दिवशी कलकत्त्यात पेटीत पडलेलं पत्र दुसऱ्या दिवशी मुंबईच्या पोस्टमनच्या पिशवीत.

त्यातलं गणित मला फार आवडतं. चार शहरं म्हणजे सहा जोड्या. प्रत्येक जोडीला थेट जोडायचं तर सहा मार्ग, जाऊन-येऊन बारा उड्डाणं. सगळ्यांनी मधे भेटायचं ठरवलं की चार मार्गांत काम होतं. आणि मध्य म्हणजे कुठं? नागपूरहून मुंबई हवेतून साधारण सातशे किलोमीटर, कलकत्ता साडेनऊशेच्या आसपास, दिल्ली आणि मद्रास या दोन्हींच्या मधे कुठंतरी. तेव्हाची डकोटा विमानं ताशी पावणेतीनशे-तीनशे किलोमीटरनं जायची, म्हणजे अडीच ते साडेतीन तासांत कुठूनही नागपूर. झिरो माईलचा खांब आणि त्याचे चार घोडे आपण पाहुण्यांना कौतुकानं दाखवतो. पण देशाच्या मध्यावर असण्याचा उपयोग कुणी खरोखर करून घेतला असेल तर तो या रात्रीच्या डाकेनं. एका गावात सगळं गोळा करून तिथून वाटण्याची हीच कल्पना घेऊन अमेरिकेत मेम्फिसमध्ये फेडेक्सनं १९७३ साली विमानं उडवली, आणि तिच्यावर व्यवस्थापनाच्या वर्गात धडे झाले. आपल्याकडे ती त्याच्या चोवीस वर्षं आधी सोनेगावच्या धावपट्टीवर रोज रात्री घडत होती. आज मिहानचं, म्हणजे विमानतळालगतच्या मालवाहतूक प्रकल्पाचं, नाव निघालं, मालवाहतुकीच्या केंद्राची चर्चा झाली की मला हटकून त्या चार विमानांची आठवण होते.

आबाजी मोठे बोलके नव्हते, पण सोनेगाव म्हटलं की खुलायचे. आधी आवाज यायचा, मग दिवा दिसायचा. आवाजावरून कोणत्या बाजूचं विमान ते सांगणारे लोक होते म्हणे. दिल्लीला धुकं पडलं की इकडे तिघं ताटकळत राहायची, कारण दिल्लीची थैली घेतल्याशिवाय निघणार कसं? डिसेंबर-जानेवारीत लोखंडी पट्ट्यांना हात लावला की चटका बसल्यासारखी थंडी लागे आणि मे महिन्यात मध्यरात्रीही धावपट्टीवरून वाफ येत असे. थैलीच्या तोंडाशी सुतळी, सुतळीवर लाख, लाखेवर मोहर. कंदिलाच्या उजेडात लाख फुटली आहे का बघायचं, लेबल वाचायचं, यादीवर खूण करायची, थैली पुढे सरकवायची. एकही थैली चुकीच्या विमानात गेली तर मद्रासची पत्रं कलकत्त्याला. "आमी पत्र कंदी पाह्यलंच नाही," ते म्हणायचे. "थैली पाह्यली. वजन पाह्यलं. मोहर पाह्यली."

या विमानांतून माणसंही जायची. दिवसाच्या विमानापेक्षा तिकीट स्वस्त असायचं, म्हणून मध्यरात्री सोनेगावात उतरून दुसऱ्या विमानात बसणारे प्रवासी असत. त्यांच्यासाठी जेवणाची सोय होती. आबाजींना त्या जेवणाच्या वासाचंच जास्त अप्रूप.

एका रात्रीबद्दल ते बोलत नसत. १२ डिसेंबर १९५३ ला नागपूरहून मद्रासकडे निघालेलं डकोटा उड्डाण केल्याबरोबर कोसळलं. १३ माणसं गेली, वैमानिक तेवढा वाचला. मी कॉलेजात असताना हे कुठंतरी वाचून त्यांना विचारलं होतं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "थैल्या भरल्या होत्या आमी." त्याच्या पुढे मी विचारलं नाही.

आता तिकिटांकडे येते.

हवाई डाकेच्या तिकिटांचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण इटलीपासून सुरू करतात, आणि तिकिटापुरतं ते बरोबरच आहे. १९१७ च्या मे महिन्यात तुरिन ते रोम अशी प्रायोगिक हवाई डाक निघाली तेव्हा इटलीनं आपल्याच एका जलद डाकेच्या तिकिटावर काळ्या अक्षरांत तशी ओळ छापली. खास हवाई डाकेसाठी निघालेलं सरकारी तिकीट म्हणून जगात त्याचा पहिला मान. त्याच्या पुढच्या वर्षी अमेरिकेचं चोवीस सेंटचं तिकीट आलं. त्याच्या एका शीटवर छापताना विमान उलटं पडलं. वॉशिंग्टनमध्ये विल्यम रोबी नावाच्या गृहस्थानं ते शंभर तिकिटांचं शीट खिडकीवरून चोवीस डॉलरला घेतलं आणि आठवड्याभरात पंधरा हजारांना विकलं. संग्राहकांच्या गप्पा या तिकिटावर आल्याशिवाय राहत नाहीत. मला मात्र ते कधीच ओढत नाही. त्यातलं एकही तिकीट कुणाचं पत्र घेऊन कुठं गेलं नाही, तिजोऱ्यांतूनच फिरलं. जे तिकीट पत्रावर बसलंच नाही त्याच्यावर माझा जीव जडत नाही.

पण त्याच्याही आधी, तिकीट नसताना, आपल्याकडे हवाई डाक निघाली होती. १८ फेब्रुवारी १९११. अलाहाबादला संयुक्त प्रांताचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. वॉल्टर विंडहॅम हा इंग्रज तिथं विमानं घेऊन आला होता आणि त्याच्याबरोबर आँरी पेके नावाचा तेवीस वर्षांचा फ्रेंच वैमानिक होता. पेकेनं साधारण साडेसहा हजार पत्रं घेऊन यमुना ओलांडली आणि तेरा मिनिटांत नैनीला उतरला. अंतर जेमतेम दहा किलोमीटर. जगातली पहिली अधिकृत हवाई डाक ती. पत्रामागे सहा आणे जादा घेतले होते, ते एका वसतिगृहाच्या इमारतीसाठी गेले. सहा हजार पत्रं नदीपलीकडे नेण्याची कुणाला खरी गरज नव्हती, हे कबूल. तरी आपल्याकडच्या माणसांची पत्रं पहिल्यांदा आभाळातून गेली याचं मला आजही अप्रूप वाटतं.

त्या पत्रांवर कुठलं तिकीट होतं? साधंच. सातव्या एडवर्डचं, रोजचं. विमान होतं ते शिक्क्यात. गडद किरमिजी रंगाचा गोल शिक्का, त्यात विमानाची आकृती आणि पहिल्या हवाई डाकेचा मजकूर. आज लोक ती पाकिटं शोधतात ती शिक्क्यासाठी. एडवर्डचं तिकीट सुटं करून ठेवलं तर त्याला काहीच किंमत नाही. आबाजींनी अंगणात ओलं पाकीट हातात धरून जे म्हटलं ते मला या शिक्क्याचं चित्र पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी कळलं. तिकीट कसं जायचं ते सांगतं. प्रत्यक्षात कसं गेलं, कधी पोचलं, ते शिक्का सांगतो.

आपली खास हवाई डाकेची तिकिटं आली १९२९ मध्ये. त्या वर्षी ३० मार्चला इम्पीरियल एअरवेजची लंडन ते कराची हवाई सेवा सुरू झाली. हवाई म्हणायची, पण मधे बाझेलपासून जिनोआपर्यंत डाक आगगाडीत चढायची, मग समुद्रावर उतरणाऱ्या विमानानं अलेक्झांड्रिया, आणि तिथून पुढे वाळवंटावरून कराची. सगळे मिळून सात दिवस. या डाकेसाठी नाशिकच्या छापखान्यात सहा तिकिटं छापली गेली: दोन, तीन, चार, सहा, आठ आणि बारा आणे. आडवी तिकिटं, पंचम जॉर्जचा चेहरा, आणि शेजारी आभाळात तीन इंजिनांचं डी हॅविलंड हर्क्युलिस. खाली झाडं. अलेक्झांड्रियाहून कराचीपर्यंत डाक आणणारं विमान हेच होतं.

माझ्याकडे या मालिकेतलं चार आण्यांचं तिकीट आहे. नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या दुकानदाराकडून घेतलं, शिक्का मारलेलं, एका कोपऱ्याचा दाता कमी. नाशिकचा छापखाना १९२५ साली उभा राहिला. त्याआधी आपली तिकिटं इंग्लंडहून छापून यायची. म्हणजे हे तिकीट नाशिकच्या कारागिरांनी अगदी सुरुवातीच्या वर्षांत केलेलं काम. भिंगाखाली धरलं की विमानाच्या पंखांवरच्या बारीक रेघा दिसतात. उजेडासमोर धरलं की कागदात ताऱ्यांचं जलचिन्ह दिसतं. त्या छपाईत एका ठिकाणी झाडाचा शेंडा उमटलाच नाही, आणि बिनशेंड्याच्या झाडाची तिकिटं संग्राहक शोधत असतात. ते मला अजून मिळालेलं नाही. मिळालं तर आनंदच होईल, कारण त्यात घाईनं काम करणाऱ्या एखाद्या माणसाचा हात दिसतो. उलट्या विमानासारखं ते तिजोरीत बसलं नाही. पत्रांवर लागलं, गेलं.

यानंतर तीन वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ ला, जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे पस मॉथ विमान उडवत मुंबईला जुहूला उतरले. बरोबर डाकेची पिशवी होती. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट ती पुढे मद्रासकडे घेऊन गेले. हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून त्यावर थांबत नाही. एक तिकीट मात्र सांगायलाच हवं. स्वातंत्र्यानंतरची आपली पहिली तीन तिकिटं म्हणजे तिरंग्याचं साडेतीन आण्यांचं, अशोकस्तंभाचं दीड आण्याचं आणि विमानाचं बारा आण्यांचं. शेवटची दोन १५ डिसेंबर १९४७ ला आली. तिन्हींवर 'जय हिंद'. दीड आणा देशातल्या देशात पत्रासाठी, साडेतीन परदेशी जहाजाच्या डाकेला, आणि बारा आणे विमानाच्या. नव्या देशानं स्वतःची ओळख सांगायला ध्वज निवडला, सिंह निवडले आणि तिसरं विमान निवडलं. पुढे २९ मे १९४८ ला लंडनच्या पहिल्या उड्डाणासाठी पुन्हा बारा आण्यांचंच तिकीट निघालं. त्यावर कॉन्स्टेलेशन विमान. एअर इंडिया इंटरनॅशनलचं मलबार प्रिन्सेस त्याच जूनच्या ८ तारखेला निघालं.

बारा आणे म्हणजे जहाजाच्या साडेतीन आण्यांच्या तिपटीहून जास्त. हवाई डाकेच्या तिकिटाचा सगळा मोह इथंच आहे, असं मला पुष्कळ वर्षं वाटायचं. माणूस कागद पाठवत नाही, आपली घाई पाठवतो, आणि त्या घाईचे पैसे मोजतो. पोराला ताप आहे, पैसे संपले, मुलगी झाली, मी येतोय, येऊ नकोस. असलं काहीतरी लवकर कळावं म्हणून तिपटीहून जास्त पैसे. म्हणून त्या तिकिटावर विमान लागतं, निळं लेबल लागतं, लाल-निळ्या कडांचं पाकीट लागतं. पाकीट हातात घेणाऱ्या प्रत्येकाला सांगायचं असतं, हे अडकवून ठेवू नका.

लेबलावर 'बाय एअर मेल'च्या शेजारी 'पार आव्हियों' असं लिहिलेलं असे. लहानपणी मला तो कुणाचा तरी पत्ता वाटायचा. जागतिक टपाल संघटनेची भाषा फ्रेंच, म्हणून जगभरच्या लेबलांवर ते दोन फ्रेंच शब्द. आमच्याकडे ते यायचे आबाजींच्या धाकट्या भावाकडून, मँचेस्टरहून. ते हवाईपत्रच लिहायचे. म्हणजे निळा पातळ कागद, तीन घड्या, कडेला गोंद, पाकीट आणि पत्र एकातच, तिकीट वर छापलेलं. ही सोय आधी इराकमध्ये निघाली, १९३३ साली. वजन ठरलेलं, म्हणून दर ठरलेला, आणि साध्या हवाई पाकिटापेक्षा कमी. त्यात दुसरं काही घालायचं नाही अशी सक्त सूचना छापलेली असे. घातलं तर ते विमानाऐवजी जहाजानं जाईल. आजीला हे कधीच पटलं नाही. दर श्रावणात ती आबाजींशी वाद घालायची. "एवढासा दोरा हाय. राखीचा. त्याचं काय वजन?"

"वजन नाही, नियम हाये."

"नियमाले काय माहीत भाऊ कुठं रायते ते."

शेवटी राखी वेगळ्या पाकिटात जायची, जादा पैसे भरून, आणि हवाईपत्रात आजी अक्षता नुसत्या लिहायची: 'अक्षता पाठवल्या असे समज.' ते हवाईपत्र ती काठाकाठानं फिरवत लिहायची. घडीच्या आत, समासात, शेवटी गोंदाच्या पट्टीच्या आतल्या बाजूलासुद्धा दोन ओळी. ते वाचायला काका-आजोबांना चाकूनं फार जपून पाकीट उघडावं लागे, नाहीतर दोन ओळी फाटून जात. पैसे दिलेत ना, मग कागदाचा एक इंचही कोरा का सोडायचा?

परदेशी डाकेत ही ओढ शेवटपर्यंत राहिली. देशातल्या डाकेचं मात्र १९४९ मध्ये काहीतरी वेगळंच झालं, आणि ते जितकं कळत गेलं तितकी माझी संग्रहाची दिशा बदलत गेली.

रफी अहमद किदवई तेव्हा दळणवळणमंत्री होते. रात्रीची डाक जानेवारीत सुरू झाली आणि १ एप्रिल १९४९ पासून त्यांच्या खात्यानं नवा नियम आणला. देशांतर्गत साधं पत्र, विमानानं नेऊन लवकर पोचत असेल तर विमानानंच न्यायचं, जादा आकार न घेता. विमानाचं तिकीट नको, निळं लेबल नको. नुसतं साध्या पत्राचं, आता दोन आण्यांचं झालेलं तिकीट. याला 'ऑल-अप' म्हणत. विडी कामगाराचं पत्र आणि गिरणीमालकाचं पत्र त्या रात्री एकाच थैलीत, एकाच विमानात.

मी हे पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते. तोवर घाई ही ऐपतीची गोष्ट होती. जादा पैसे असतील तर तुमचा ताप, तुमचं बाळंतपण, तुमची नोकरी लवकर पोचायची. नसतील तर नाही. आणि स्वातंत्र्याला दोन वर्षंही झालेली नसताना, फाळणीच्या जखमा ओल्या, तिजोरीत फार काही नाही, अशा वेळी कुणीतरी ठरवलं की देशातल्या देशात प्रत्येकाचं पत्र उडेल. मला हवाई डाकेच्या इतिहासातलं यापेक्षा मोठं पान ठाऊक नाही. आणि त्या पानावर चिकटवायला खास तिकीटच नाही. निर्णयच असा होता की तिकिटाची गरज उरू नये.

म्हणजे आजीच्या पेटीतला तो गठ्ठा! दिल्लीच्या भावाची पत्रं, लाल, हिरवी, साधी तिकिटं. मी त्यातलं एकही 'हवाई' समजले नव्हते. ती सगळी मध्यरात्री सोनेगावला उतरली असणार. काही आबाजींच्याच हातून पुढे सरकली असणार. पुढे दिल्लीचा शिक्का, मागे नागपूरचा, मधे एकच रात्र. एवढाच पुरावा होता, आणि तो मी परातीत घातला.

ती रात्रीची डाक सत्तरच्या दशकात बंद झाली. जेट विमानं आली, शहराशहरांत थेट उड्डाणं झाली, चौघांनी मधे भेटायची गरज उरली नाही. आबाजी तोवर केव्हाच दिवसाच्या ड्यूटीवर, सिव्हिल लाइन्समधल्या मोठ्या डाकघरात आले होते. निवृत्त झाल्यावरही ते कधीतरी तिथं जाऊन बाकावर बसत आणि मला घेऊन गेले तर नवीन तिकिटांच्या खिडकीसमोर उभं करत. १९७९ साली डाक नेणाऱ्या विमानांची चार तिकिटं निघाली होती: पस मॉथ, चेतक हेलिकॉप्टर, बोइंग ७३७ आणि ७४७. ती मला पुढे कुणाकडून तरी मिळाली आणि मी त्यांना दाखवायला नेली. त्यांनी चष्मा लावून चारही पाहिली. "डकोटा नाही?" त्यांनी विचारलं. नाही, म्हटलं. त्यांनी तिकिटं परत दिली. "पोरी, तिकिटावर विमान हाये म्हणून पत्र विमानानं जाते का? पत्र थैलीतून जाते."

आबाजी गेले त्याला आता सतरा वर्षं झाली.

नटराजाचं पाकीट मला गेल्या हिवाळ्यात मिळालं, इथंच, एका तिकीट प्रदर्शनात. कोपऱ्यातल्या टेबलावर एका विक्रेत्यानं खोका भरून साधी पाकिटं ठेवली होती, कुठलंही घ्या तीस रुपये. समोर लोकांची गर्दी होती ती विमानाच्या तिकिटांवर, झेपेलिन हवाई जहाजांच्या कार्डांवर. मी खोका घेऊन खुर्चीवर बसले आणि एकेक पाकीट उलटं करून बघत गेले. दीड तास. बहुतेकांच्या मागे शिक्का नव्हता, किंवा होता तो वाचता येत नव्हता, किंवा मधे चार-पाच दिवस.

मग हे आलं. पिवळट पडलेलं पाकीट, व्यापारी पेढीचं असावं, पत्ता टाइप केलेला, मुंबईतल्या काळबादेवीचा. पुढे उजव्या कोपऱ्यात दोन आण्यांचा लाल नटराज आणि त्याच्या उजव्या हातावर कलकत्त्याचा गोल शिक्का, १९५१ च्या नोव्हेंबरातला. पाकीट उलटं केलं. मुंबईचा शिक्का, दुसऱ्याच दिवशीचा. स्वच्छ, काळा, अंक न् अंक वाचता येणारा. आत काही नव्हतं.

कलकत्ता ते मुंबई आगगाडीनं तेव्हा जवळजवळ दोन हजार किलोमीटर. कुठलीही मेल दुसऱ्या दिवशी पोचत नव्हती. ते दोन शिक्के लागायला मधे एकच वाट होती. संध्याकाळनंतर पूर्वेकडून एक आवाज, मग एक दिवा, मग धावपट्टीवर कंदील घेऊन लाख तपासणारी माणसं. पाकिटावर नागपूर कुठंही नाही. थैली बंद होती, इथं ती उघडलीच नाही, मग शिक्का कसा लागणार?

मी विक्रेत्याला तीस रुपये दिले. त्यानं सवयीनं पाकीट सरळ करून, नटराज वर करून प्लास्टिकच्या पिशवीत घातलं.

घरी आल्यावर अल्बमात १९४९ च्या पुढचं एक पान मी मोकळं केलं. पाकीट पारदर्शक खिशात सरकवलं, मागची बाजू वर, मुंबईचा शिक्का दिसेल असं. नटराज बघायचा असेल तर खिसा उलटवावा लागतो. बाकीच्या पानांवर तिकिटाखाली मी विमानाचं नाव आणि किंमत लिहिते. इथं पेन्सिलीनं लिहिलं: कलकत्ता ते मुंबई, मार्गे सोनेगाव, रात्री.